तळ्यावरचे जरासे

तर तो नवरदेव एका पायावर उभा, आणि दुसऱ्या पायातला बूट बर्फात कुठे गडप झाला ते कोणालाच कळेना. काल इथेच थांबलो होतो ना आपण? आमच्या हिने जेवायला हाक मारली आणि बिचारा नवरदेव तेव्हापासून बगळ्यासारखा ताटकळतोय. आधी त्याला सोडवू, मग पुढचं.

बूट शहरातला. पातळ, चकचकीत, त्यात बघून भांग पाडता येईल असा. तो गाडीतून उतरला तेव्हाच मी म्हटलं होतं, "साहेब, हे बूट नाचायला ठीक आहेत, इथे चालायला नाहीत." तर म्हणाला, "फोटोत छान दिसतात." आता गुडघाभर बर्फात उभ्या माणसाचे बूट फोटोत कसे दिसणार, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण नवरदेवाशी वाद घालू नये. तेवढा एकच दिवस असतो बिचाऱ्यांचा. गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर पोचला, पाऊल उचललं, आणि वर आला तो नुसता मोजा! नवरी अशी हसायला लागली की पायघोळ झगा पोटाशी आवळून खालीच बसली. लांब काठावर आमचा जरासे कॅमेऱ्याला डोळा लावून उभाच होता. त्याने तेवढ्यात फोटो टिपला. तो फोटो त्याच्या दुकानाच्या काचेत कित्येक वर्षं होता. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, काय जोडी आहे, कसा चेहऱ्यावर आनंद आहे! आनंद कसला, एक बूट गेला होता.

बूट सापडलाच नाही. शेवटी जरासेच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, स्वतःच्या पायातले जाड बूट काढून नवरदेवाला दिले आणि आपण पायांना पोती गुंडाळून काठावर आल्या. बूट नवरदेवाला बरोब्बर बसले. वहिनी म्हणाल्या, "माझ्या पायांना सासूबाईंनी जन्मभर नावं ठेवली. आज असत्या तर दाखवला असता म्हटलं, हा बघा, असले पाय भर लग्नात नवरदेवाला असतात!"

अशा होत्या वहिनी.

आता जरासे म्हणजे कोण, हे सांगायचं राहूनच गेलं. मी एकदा बोलायला लागलो की गाडी उतारावर सुटते, ब्रेक लागत नाही. जरासे हे काही त्याचं आडनाव नव्हे. आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हा त्याला सरळ नावाने हाक मारायचे. पुढे त्याने मामाकडून एक जुना कॅमेरा आणला आणि पहिला फोटो काढायला आमच्याच घरी आला. माझे वडील अंगणात उभे. हा म्हणतोय, "काका, जरासं मागे. जरासं डावीकडे. अजून जरासं." वडील शिस्तीचे, सांगितलं तेवढं सरकत गेले आणि गुरांच्या पाण्याच्या हौदात बसले. त्या दिवसापासून तो जरासे. दुकानाच्या पाटीवर दुसरं नाव लिहिलं होतं, पण ते वाचायची कोणी तसदी घेतली नाही. टपालसुद्धा जरासे म्हणून यायचं.

आमचं गाव उंचावर. वर्षातले निम्मे महिने बर्फ. तेवढे दिवस गावाला कामधंदा नाही. लोक खिडकीत बसून एकमेकांच्या धुराड्यांकडे बघायचे. जरासे तेव्हा ओळखपत्रांचे, शाळेतल्या वर्गांचे, बारशाचे आणि मयताचे फोटो काढायचा. म्हणायचा, "मयताचा फोटो सगळ्यात सोपा. कोणी हलत नाही." एका हिवाळ्यात खालच्या शहरातलं एक नवं जोडपं लग्नाच्या कपड्यांतच आमच्याकडे अडकलं. घाटात बर्फ कोसळून रस्ता बंद. नवरी रडकुंडीला आली, तर जरासे म्हणाला, चला, रडताय कशाला, तळ्यावर जाऊन फोटो तरी काढू. तळं गोठलेलं, वर ताजा भुरभुरीत बर्फ, मागे डोंगर, आणि आभाळ असं काळंनिळं की आता पडतंय की मग. त्या सगळ्या पसाऱ्यात ही दोन चिमुकली माणसं हातात हात घालून. तो फोटो शहरात कुठे कुठे फिरला कोण जाणे! पुढच्या हिवाळ्यापासून रांगच लागली. लोकांना आता मंडपातले फोटो नकोत, वादळ पाहिजे. एका नवरदेवाने तर मला विचारलं, "जोराचा वारा कधी सुटतो इथे?" मी म्हटलं, "तुमचा संसार सुरू होऊ द्या, आपोआप सुटेल."

माझी जीप. चाकांना साखळ्या बांधून जोडप्यांना वर नेणं-आणणं माझ्याकडे. त्यामुळे या सगळ्यात मी पहिल्यापासून होतो, आणि सांगतोय ते डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय. जे बघितलं नाही तेही सांगणार आहे, पण तेव्हा तसं म्हणेन.

जरासेची काम करायची एक रीत होती. तो जोडप्याच्या जवळ कधीच उभा राहायचा नाही. त्याच्याकडे एक लांबलचक भिंग होतं, आम्ही त्याला तोफ म्हणायचो. तोफ तिवईवर चढवून हा काठावर, आणि जोडपं तिकडे तळ्याच्या पोटात, एवढं लांब की हाक पोचू नये. मी त्याला म्हणायचो, "अरे जवळ जा की, लग्न त्यांचं आहे, तू असा हद्दपार झाल्यासारखा का उभा?" तर म्हणायचा, जवळून काढलं की माणसं मोठी होतात आणि डोंगर मागे पळतो. लांबून तोफेने काढलं की डोंगर पुढे येतो, थेट त्यांच्या पाठीशी. आणि लांब असलं की माणसं फोटोवाल्याला विसरतात, आपापसात बोलायला लागतात. "लोक जवळच्या फोटोवाल्याकडे बघून हसतात, डायव्हरसाहेब. मला ते एकमेकांकडे बघून हसायला पाहिजेत." मला डायव्हरसाहेब म्हणायचा, लबाड. बाकावर माझ्याच वहीतलं बघून लिहायचा तेव्हा साहेब नव्हतो.

हाक पोचत नाही म्हणून सगळं हाताच्या खुणांवर. हात बाजूला केला की जरासं सरका. टोपी काढली की झालं, या परत.

आणि जोडप्याच्या आधी त्या जागेवर उभ्या राहायच्या वहिनी. कॅमेऱ्यात उजेड किती, अंतर किती, डोंगराचं टोक कोणाच्या डोक्यातून उगवतंय का, हे सगळं आधी बघून ठेवावं लागे. पातळ कपड्यातल्या नवरीला तेवढा वेळ थंडीत उभं कसं करणार? तोवर ती दोघं माझ्या जीपमध्ये हीटरपाशी बसायची आणि वहिनी त्यांच्या जागी उभ्या. एकट्याच नवरा आणि नवरी. एक हात बाजूला ताठ धरायच्या, तेवढी जागा नवऱ्याची. समोरचा बर्फ कोरा राहायला हवा, पावलं उमटता कामा नयेत, म्हणून लव्हाळ्याच्या कडेने मोठा वळसा घालून मागून यायच्या. मग जोडप्याने त्यांच्याच पावलांत पाऊल टाकत जायचं. आमच्या तळ्यावर फोटो काढलेली सगळी शहरी जोडपी वहिनींच्या पावलांवरून चालत गेलेली आहेत.

दुसरं एक काम त्या न सांगता करायच्या. हातात लोखंडी कांब असायची; दोन पावलं टाकली की ती आपटून कान द्यायच्या. म्हणायच्या, "बर्फ बोलतो. खण्ण म्हणाला की चालायचं. बद्द आवाज आला की परत फिरायचं. कोणाची पोरं आहेत ही, आपल्या भरवशावर आलीत." कधी म्हणून त्यांच्या वाटेवर कोणाचा पाय ओला झाला नाही.

मी एकदा गमतीने म्हटलं, "वहिनी, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोकडे एवढं टक लावून बघणारा नवरा साऱ्या गावात दुसरा नाही."

"बघतात कसले," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यामागचा डोंगर बघतात."

जरासेने तोफेतून डोळासुद्धा काढला नाही. म्हणाला, "डोंगर चांगला आलाय आज. पुढची बाई जरा हलतेय."

एकच लेक त्यांना. आमच्या मांडीवर वाढलेली. दुकानात मागच्या पडद्याच्या गुंडाळीवर झोपायची, म्हणून गालावर नेहमी कापडाची वीण उमटलेली. मोठी झाली, शिकली, शहरात औषधांच्या दुकानात कामाला लागली. बापासारखीच, तुटक बोलणारी आणि मनात धरून बसणारी. आईशी मात्र तिचं सगळं. सुट्टीला आली की दोघी चुलीपुढे पाय पसरून बसायच्या आणि बापाची नक्कल करायच्या, "जरासं, जरासं," आणि हसून हसून मेटाकुटीला यायच्या. तो बाहेरून ओरडायचा, "चालू द्या! मी मेल्यावर करायला काहीतरी राहू द्या!"

आधी तोच जाईल, असं सगळ्यांनी, त्याच्यासकट, धरून ठेवलं होतं.

तो दिवस हिवाळ्याच्या शेवटाकडचा. जोडपं आलेलं, मुलगी गोड, सारखी हात चोळत होती. आदल्या दिवशी वारा सुटून सगळीकडे भुरभुरा बर्फ सारखा पसरला होता, त्यामुळे तळं अगदी धुतलेल्या चादरीसारखं. वहिनी कांब आपटत गेल्या, जागेवर उभ्या राहिल्या. आता इथून पुढचं मी बघितलेलं नाही. माझ्या मागच्या चाकाची साखळी सैल झाली होती, मी जीपखाली उताणा पडून ती आवळत होतो. मला दिसत होतं ते फक्त चाक आणि माझ्या तोंडावर गळणारं पाणी. पण नंतर जरासेने एवढं सांगितलं: डोंगराचं टोक वहिनींच्या डोक्यातून उगवत होतं, म्हणून त्याने हात केला, जरासं डावीकडे. त्या सरकल्या. त्याच जागी खालून ओढ्याचं पाणी तळ्यात येतं. बर्फ वरून जाड, आतून पोखरलेला. एक पाऊल सरकायला कांब कोण आपटतं? त्यांनीही आपटली नाही.

मी ऐकलं ते जीपमधल्या मुलीचं किंचाळणं. बाहेर आलो, सीटखालचा दोर ओढला आणि धावलो. तोवर जरासे तळ्यात अर्ध्यावर पोचला होता, टोपी नाही, हातमोजे नाहीत. पुढे जाऊन पोटावर आडवा झाला आणि सरपटायला लागला. मी मागून दोर फेकला. वहिनी बर्फाची कड धरून होत्या, ओठ निळे. आम्ही ओढून काढल्या तेव्हा शुद्धीवर होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरांना इकडे पाठवू नका हो." बस, तेवढंच. मग जीपमध्ये त्या मुलीने स्वतःच्या अंगावरची शाल, कोट, काय होतं नव्हतं ते त्यांच्याभोवती गुंडाळलं आणि घाट उतरेपर्यंत त्यांचे तळवे चोळत बसली. मी आयुष्यात तशी गाडी चालवली नाही. पण हॉस्पिटलच्या पायरीवर डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. म्हणाले, पाण्यात थोडा वेळ कमी राहिल्या असत्या तर.

हे वाक्य लेकीने ऐकलं. ती औषधांच्या दुकानातून तशीच धावत आली होती, अंगात पांढरा कोट. तिने बापाला काही विचारलं नाही. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याला काही विचारावं अशी त्याची अवस्थाच नव्हती. तिने त्या नवरीला विचारलं. ती मुलगी बाकावर बसलेली, लग्नाचा झगा चिखलाने आणि पाण्याने माखलेला, दातावर दात आपटत होते. तिने जीपच्या काचेतून सगळं बघितलं होतं. तिच्या मनात पाप नव्हतं. ती म्हणाली, "त्या पडल्या, आणि ते तसेच उभे होते. कॅमेरा डोळ्याला. मी ओरडले तरी कॅमेरा डोळ्यालाच. आणि हात पुढे करून त्यांना खूण करत होते. दोनदा केली. इकडे सरका, अशी."

मी शेजारी उभा होतो. मी म्हटलं, "अगं पोरी, तुझा काही गैरसमज—" पण मी तर चाकाखाली होतो. मी काय सांगणार?

लेकीने बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. तिने विचारलं, "खरं आहे?" तो बोलला नाही. ना हो, ना नाही. तेव्हापासून लेक बापाशी बोलली नाही. आईचे दिवस झाले, हिवाळे आले गेले. ती माझ्या घरी उतरायची, आमच्या हिच्या गळ्यात पडून रडायची, आणि दुकानाच्या रस्त्यावरून न जाता मागच्या गल्लीने बसला जायची.

गाव म्हणजे गाव. कोणी म्हणालं, बायको बुडतानाचा फोटो काढला असेल त्याने, सवय लागते हाताला. मी ते बोलणाऱ्याशी बाजारात भांडलो, या वयात. पण मग त्याच्या दुकानात जाऊन जरासेला विचारलंच, "तू काय करत होतास रे?" तो म्हणाला, "चहा घे." किती वेळा विचारलं असेन! दरवेळी चहा. त्याच्याकडचा चहा मी त्या दिवसांत जेवढा प्यायलो तेवढा घरी प्यायलो नसेन.

तोफ त्याने पेटीत घातली. तळ्यावर पुन्हा गेला नाही. जोडपी यायची, काचेवर टकटक करायची, हा आतून मान हलवायचा. काचेतले फोटोही काढून टाकले. जिथे होते तिथे लाकडावर फिकट चौकोन राहिले. आता फक्त ओळखपत्रांचे फोटो. मागे पांढरी चादर, पुढे स्टूल. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हे, पण बघा: तो आता कोणालाच सरकायला सांगत नाही. जसं बसाल तसा फोटो. त्यामुळे आमच्या गावात अर्ध्या लोकांच्या ओळखपत्रावर मान वाकडी आहे, आणि शाळेच्या शिपायाचा एक कान चौकटीबाहेर आहे. तक्रार कोणी करत नाही. माझ्या ओळखपत्रावर मी छताकडे बघतोय. आमची ही म्हणते, "देवाला हिशेब विचारताय का?"

आणि मग या हिवाळ्यात एके दिवशी दुपारी लेक बसमधून उतरली. मी स्टँडवर जीप घेऊन होतोच. तिने पिशवी मागे टाकली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, मी लग्न करतेय."

मला इतका आनंद झाला की मी गियरच चुकीचा टाकला. गाडी मागे गेली. "कोण आहे? काय करतो? दाढी आहे का?"

"दाढी कशाला?"

"आमच्या हिला आवडत नाही, आधीच विचारून ठेवलेलं बरं."

ती हसली, आणि तिचा चेहरा क्षणभर अगदी वहिनींसारखा झाला. मग म्हणाली, "तो म्हणतो, बाप जिवंत असताना त्यांना न बोलावता लग्न करायचं नाही. मी म्हटलं, मग करायलाच नको. चार दिवस बोललो नाही आम्ही. शेवटी म्हणाला, एकदा जाऊन त्यांना विचार तरी. तू त्या नवरीला विचारलंस, त्यांना नीट कुठे विचारलंस?"

"मुलगा बरा दिसतोय," मी म्हटलं.

"म्हणून आलेय. एकदाच विचारणार आहे, काका. उत्तर दिलं तर लग्नाला बोलावीन. जमिनीकडे बघत उभे राहिले तर परत फिरेन, आणि मग या गावात मी यायची नाही. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"मी? मी कधी मध्ये बोलतो?"

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा स्टुलावर पाववाला बसला होता, कानात पीठ, मान एका बाजूला. जरासे कॅमेऱ्यामागे. त्याने लेकीला बघितलं, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं की त्याने दाबलं, कोणास ठाऊक. पाववाला दचकून म्हणाला, "अहो, डोळे मिटले होते माझे!" मी त्याला दंडाला धरून उठवलं. "मिटलेलेच बरे दिसतात तुझे. उद्या ये." तो माझ्याकडे, तिच्याकडे, जरासेकडे बघत बाहेर गेला, दार हळूच लावून. शहाणा माणूस.

जरासे फार वाळला होता. स्वेटर खांद्यावरून घरंगळत होता. तो टेबलाशी गेला आणि कालचे फोटो कापायला लागला. कात्रीचं पातं वर, पातं खाली.

"ये," म्हणाला. "बस."

ती उभीच राहिली.

"खाली थंडी आहे का?"

"नाही फारशी."

"इथे आहे."

"दिसतंय."

मी म्हटलं, "हवामानाच्या बातम्या संपल्या असतील तर—" लेकीने बोट वर केलं. मी दारापाशी खुर्चीवर बसलो.

"लग्न ठरलंय माझं," ती म्हणाली.

पातं वर राहिलं. "असं. बरं झालं." मग, "कधी?"

"बर्फ वितळल्यावर."

"हां. तेव्हा बरं." त्याने फोटो कापला. वाकडा कापला गेला. त्याने तो बाजूला ठेवला. "मुलगा?"

"चांगला आहे."

"तुझ्या आईला—" एवढं म्हणाला आणि थांबला.

"आईचंच विचारायला आलेय." तिचा आवाज सरळ होता, पण पिशवीचा बंद तिने मुठीत पिळून ठेवला होता. "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती मुलगी बोलली ते तुम्ही ऐकलंत. मी तुम्हाला खरं का म्हणून विचारलं, तुम्ही बोलला नाहीत. आज सांगा. ती म्हणाली, आई पडली तेव्हा कॅमेरा तुमच्या डोळ्याला होता."

"होता."

"पडल्यावरही काढला नाहीत."

"नाही काढला."

"आणि हात असा." तिने हात लांब पुढे केला, पंजा उघडा, अगदी तळ्यावर तो करायचा तसा. मला तिकडे बघवेना. "दोनदा. ती म्हणाली दोनदा."

"दोनदा," जरासे म्हणाला. "हो."

"बाबा, ती बुडत होती." आता मात्र आवाज फुटला. "डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर काढलं असतं तर. आई पाण्यात हात मारत होती आणि तुम्ही तिला खुणा करत होता? कुठे सरकवत होता तिला? मी झोपायला आडवी होते ना, तर मला तो हातच दिसतो. तुमचा. फोटोसाठी केलात का तो हात? एवढंच सांगा. मी परत विचारणार नाही."

मी जरासेकडे बघत होतो. वाटलं, आता म्हणेल, चहा घे. त्याची नजर खाली जायला लागली, टेबलाच्या कडेपर्यंत गेली, आणि तिथून त्याने ती वर आणली. ओढून आणली म्हणा ना, जशी आम्ही वहिनींना ओढली होती. हातातला फोटो खाली ठेवला. तिच्याकडे बघत तो बोलला ते मी जसंच्या तसं सांगतोय, एक शब्द माझा नाही:

"खूण नव्हती ती, बाळा. मी तिला धरायला हात केला. तोफेतून ती एवढी जवळ होती, तू आता उभी आहेस ना, त्याहून जवळ. पापण्यांवरचं पाणी दिसत होतं मला. तिने माझ्याकडे बघून हात वर केला, मी माझा पुढे केला. मूठ मिटली तर आत काही नाही. म्हणून परत केला. मग डोळा बाजूला घेतला, तर ती तिकडे, एवढीशी, तळ्याच्या पार मध्यावर. तेव्हा धावलो. जन्मभर मीच लोकांना सांगत आलो की भिंगात दिसतं तेवढं जवळ काही नसतं, आणि हे मी कोणाला सांगू? तुला तरी कसं सांगू? पण खुणेचा नव्हता गं तो हात. धरायचा होता."